डॉक्टरांचा सीझन

डॉक्टर गाडी चालवत असताना त्यांच्याशी महत्त्वाचं काही बोलू नये, हे मला जरा उशिराच कळलं. न्यूझीलंडमधल्या आमच्या हॅमिल्टनमध्ये सिग्नलपेक्षा राउंडअबाउट जास्त, आणि डॉक्टरांचा नियम असा की वाक्य अर्धं असताना राउंडअबाउटमधून बाहेर पडायचं नाही. एकदा रोटोटुना उपनगराजवळ ते मला शोकांतिका आणि नुसतं दुःख यांतला फरक समजावत होते. विषय मोठा होता. आम्ही इतके फेरे मारले की मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "आई, आय ॲम गोइंग टू बी सिक." डॉक्टर म्हणाले, "झालंच, बाळ," आणि आणखी एक फेरा मारला.

ते मूळचे सोलापूरचे. इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या हौशी नाट्यसंस्थेला जाऊन चिकटले. मी फार्मसिस्ट. ते माझ्याकडे ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचे. एक दिवस मी नेहमीप्रमाणे, ही सकाळी, ही जेवणानंतर, असं सांगत होते. डॉक्टर डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं चक्कर आली. डोळे उघडून म्हणाले, "सगळे शब्द शेवटपर्यंत ऐकू आले की हो. तुम्ही आमच्याकडे प्रॉम्पटर म्हणून या. मंगळवारी." मी म्हटलं, मला नाटकातलं काही कळत नाही. "ते बरंच आहे," ते म्हणाले. "कळणारे आमच्याकडे भरपूर आहेत."

आमचं थिएटर म्हणजे पत्र्याचा जुना हॉल. पाऊस मोठा आला की नटांनी थांबायचं, हा अलिखित नियम. डॉक्टर बारा महिने ब्लेझर आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा वेशात असायचे. ब्लेझरच्या खिशात शेंगाचटणीची बाटली. तालमीच्या मधल्या सुट्टीत चीज स्कोन, म्हणजे खारे बन, यायचे, त्यावर ते ही चटणी पेरायचे आणि कुणी विचारलं नाही तरी दुसऱ्याच्या स्कोनवरही पेरायचे. संस्थेच्या अध्यक्ष शर्लीबाई, वय सत्तरीच्या पुढे, जन्मापासून इथल्याच. सुरुवातीला त्यांना ठसका लागायचा. पुढे पुढे त्या चटणीशिवाय स्कोन खाईनात.

भूलतज्ज्ञाची सवय डॉक्टरांच्या अंगातून गेली नव्हती. रंगमंचावर जाण्याआधी प्रत्येक नटाची नाडी बघायचे. बोट मनगटावर, नजर छताकडे. "जा," म्हणायचे, किंवा "पाणी पी आणि मग जा." प्रयोग चालू असताना ते पहिल्या रांगेत कोपऱ्यात, नाटकाकडे पाठ करून बसायचे आणि प्रेक्षकांकडे बघायचे. नाटक कसं चाललंय हे त्यांना प्रेक्षकांच्या श्वासावरून कळायचं. मध्यंतरात आत येऊन सांगायचे, "पेशंट स्टेबल आहे," किंवा चेहरा पाडून, "तिसरी रांग गेली."

तिसरी रांग जायची, कारण आम्ही दरवर्षी एकाच जातीची नाटकं करायचो. त्यात एक पाद्री असायचा, एक कपाट असायचं, आणि दुसऱ्या अंकात पाद्री विजार न घालता त्या कपाटातून बाहेर यायचा. एका वर्षी नाटकं निवडायचं काम घ्यायला कुणीच तयार होईना, म्हणून ते डॉक्टरांकडे आलं. पुढच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की यंदाचा सगळा सीझन आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या आयुष्यावरच्या नाटकांचा. तीन नाटकं. त्यांनी ती निवडूनही ठेवली होती.

 मग शर्लीबाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पण डॉक, ती करणार कोण?"

"शोधू."

"हॅमिल्टनमध्ये?"

"नाहीतर टौरंगात."

शर्लीबाई स्वभावाने चांगल्या. अडचण सोडवावी म्हणून त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक करू शकाल की. तुम्ही, आपली ही प्रॉम्पटर, तुमचे मित्र. रंगाने तसे जवळच आहात."

डॉक्टरांनी स्कोन खाली ठेवला. "शर्ली, माझा रंग सोलापूरचा आहे. तो मी दुसऱ्याच्या गोष्टीला लावू शकत नाही. आणि चेहऱ्याला काही फासायचं नाव जर इथे कुणी काढलं, तर मी चटणी आणणं बंद करीन."

तो धोका कुणी पत्करला नाही. समितीने एवढीच अट घातली की पहिलं नाटक पडलं तर बाकीची दोन रद्द आणि पाद्री परत येणार. म्हणून कपाट कुणी हलवलं नाही. ते विंगेत तसंच उभं होतं.

डॉक्टरांना हे नेमकं का करायचंय, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. समितीला त्यांनी सांगितलं की लोक पाद्र्याला कंटाळलेत. स्थानिक पेपरातल्या मुलीला सांगितलं की जगाचं आकलन वाढावं. मी विचारलं तर म्हणाले, "मला कपाटाचा वास आवडत नाही." आपल्या मराठी मंडळात बातमी पोचली, तेव्हा एका गृहस्थांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, आपलं एखादं कौटुंबिक विनोदी करा की. त्या लोकांचं आपण कशाला?" डॉक्टर म्हणाले, "हेही कौटुंबिकच आहे. आणि अहो, विनोदीही आहे. तुम्ही या तर खरं."

मग शोध सुरू झाला. माझ्या दुकानात सर्दीचं औषध घ्यायला आलेल्या एका उंच माणसाला त्यांनी गाठलं. "तुम्ही अमेरिकेचे का?" तो म्हणाला, "नो ब्रो, सुवा." फिजीचा निघाला. पण सुतार होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला सेट बांधायला घेतला. मग हॉस्पिटलातल्या एका नायजेरियन स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठलं. ते म्हणाले, "मी अमेरिका फक्त विमानतळावर पाहिली आहे." त्यांना प्रकाशयोजना दिली. महिन्याभरात आमच्याकडे रंगमंचामागे जगातले सगळे देश गोळा झाले आणि रंगमंचावर कुणीच नव्हतं.

एका बैठकीनंतर शर्लीबाई कप धुता धुता सहज म्हणाल्या, "माझ्या नातीच्या पोनीला बघायला लोरेटा येते, ती मला वाटतं अलाबामाची आहे."

डॉक्टर जागच्या जागी थांबले. "ती गोरी?"

"नाही."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

शर्लीबाई खरोखर गोंधळल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही. ती व्हेट आहे ना, जनावरांची डॉक्टर."

आम्ही त्याच शनिवारी शेजारच्या केंब्रिजला गेलो. तो भाग घोड्यांचा. लोरेटा साठीच्या आसपासची, धिप्पाड, पांढरे केस बारीक कापलेले. आम्ही पोचलो तेव्हा ती एका घोडीला तपासत होती आणि तिचा उजवा हात खांद्यापर्यंत घोडीत होता. लग्न करून इथे येऊन तिला पंचवीसएक वर्षं झाली होती. डॉक्टरांनी तसंच उभ्या उभ्या सगळा बेत सांगितला. तिने ऐकून घेतलं. घोडीनेही घेतलं.

"मी शाळेनंतर स्टेजवर पाय ठेवलेला नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या माणसांची नाटकं तुम्हाला का करायचीत?"

डॉक्टर म्हणाले, जगाचं आकलन वाढावं.

"दुसरं सांगा."

लोक कंटाळलेत.

"अजून सांगा. माझा हात मोकळा व्हायला वेळ आहे."

तेव्हा पहिल्यांदा ते खरं बोलले. तरुणपणी ते शिकायला डेट्रॉइटला होते. खोलीत हीटर धड चालत नसे. एका रविवारी थंडीने कावून ते चर्चच्या तळघरात शिरले, कारण तिथून उबदार हवा येत होती. आत नाटक चालू होतं. सगळे कृष्णवर्णीय लोक, आणि हे एकटे सोलापूरचे. भाषा अर्धीही कळत नव्हती. शेजारच्या बाईला ते दिसलं. तिने प्रत्येक प्रसंग त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली, इतक्या मोठ्याने की शेवटी नट तिचं होईपर्यंत थांबायला लागले. "आणि शेवटी मी रडलो," डॉक्टर म्हणाले. "का रडलो ते मला अजून कळलेलं नाही. ते शोधायचंय. मरायच्या आधी कळलं तर बरं."

लोरेटाने हात बाहेर काढला आणि बादलीत धुतला. "माझी आत्या अशीच होती," ती म्हणाली. "तिच्याबरोबर कुठे जायची सोय नव्हती." मग अटी सांगितल्या. वाक्यं कशी बोलायची ते ती ठरवणार, आणि तिच्या माणसांना काय वाटतं हे डॉक्टरांनी तिला समजावायचं नाही. डॉक्टरांनी दोन्ही अटी तत्काळ मान्य केल्या आणि दोन्ही पहिल्याच तालमीत मोडल्या.

पहिलं नाटक एकाच पात्राचं होतं. दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात चार. डॉक्टरांनी निवडच अशी केली होती की माणसं मिळतील तशी नाटकं वाढतील. या पहिल्यात एक म्हातारी बाई आहे. जन्मभर तिने गोऱ्या लोकांच्या घरचे कपडे इस्त्री केलेत, आज कामाचा शेवटचा दिवस आहे, आणि एकेक शर्ट उचलून ती त्या त्या घराबद्दल बोलते. सेट म्हणजे इस्त्रीचं टेबल, कपड्यांचा ढीग, एक खुर्ची. आमच्या फिजीच्या सुताराला फार वाईट वाटलं. त्याला जिना बांधायचा होता.

तालमी म्हणजे भांडणं. "इथे ती दुःखी आहे," डॉक्टर म्हणायचे.

"डॉक, ती दुःखी नाही. ती दमलीय. तुम्ही डॉक्टर ना, फरक कळायला हवा."

"दमलेला माणूस एवढं बोलत नाही."

"डॉक दमल्यावर गप्प बसतात का?" लोरेटा माझ्याकडे बघून विचारायची. मी संहितेत डोकं घालायची. मला राउंडअबाउट आठवायचे.

एकदा डॉक्टर तिची नाडी बघायला गेले, तर तिने त्यांचं मनगट धरलं. "तुमची जास्त पळतेय," ती म्हणाली. "घोडा असता तर आज शर्यतीतून काढला असता." तेव्हापासून दोघं प्रत्येक तालमीआधी एकमेकांची नाडी बघायचे. दोन डॉक्टर एकमेकांचं मनगट धरून छताकडे बघताहेत, हे दृश्य नवख्या माणसाला जरा विचित्र वाटे.

शुक्रवारी पहिला प्रयोग झाला. लोरेटा सुरेख उभी राहिली, पण हॉल अर्ध्याहून जास्त रिकामा. शनिवारी पाऊस, पत्र्याचा आवाज, आणखी कमी लोक. कपाटावरची धूळ कुणीतरी पुसल्याचं मी पाहिलं. सगळी भिस्त रविवार दुपारवर होती. वृद्धाश्रमाची बस येणार होती, दोन चर्चचे लोक येणार होते, आणि मराठी मंडळही डबे घेऊन येणार होतं.

रविवारी हॉल भरला. आणि लोरेटाचा फोन आला. दिवस वसंताचे, म्हणजे घोड्या विण्याचे. एका घोडीचं पिल्लू आडवं आलं होतं आणि लोरेटाचा जोडीदार व्हेट तापाने पडला होता. "मी येते," ती म्हणाली, "पण कधी ते पिल्लू ठरवेल." आणि फोन बंद झाला.

विंगेत आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघत होतो. शर्लीबाई म्हणाल्या, लोकांना परत पाठवू या. डॉक्टर म्हणाले, "परत पाठवलेला माणूस येत नाही, शर्ली. मी हॉस्पिटलात पाहिलंय." कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मला सगळं पाठ होतं, प्रॉम्पटरला असतंच. डॉक्टर म्हणाले, "नाही. यांनीही नाही. लोरेटाचा ॲप्रन दुसऱ्या कुणी घालायचा नाही." मग त्यांनी माझ्या हातातली संहिता घेतली, स्वतःचीच नाडी बघितली, "पाणी पी आणि मग जा" असं स्वतःला मराठीत सांगितलं, पाणी प्यायले, आणि गेले.

त्यांनी लोरेटाचा ॲप्रन इस्त्रीच्या टेबलावर घडी करून ठेवला. खुर्ची बाजूला ओढली. ब्लेझर, जँडल्स, नाकावर चष्मा. "किया ओरा," त्यांनी लोकांना माओरीत नमस्कार केला. "या नाटकातली बाई इथे टेबलापाशी उभी असते. ती आज एका घोडीचा जीव वाचवतेय. मी ती बाई नाही आणि होणारही नाही. मी फक्त तिचे शब्द वाचून दाखवतो. तुम्ही माझ्याकडे बघू नका, टेबलाकडे बघा."

आणि वाचायला लागले. सोलापुरी इंग्रजीत, केसपेपर वाचावा तसं. पहिली काही मिनिटं भयंकर गेली. वृद्धाश्रमातल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "लाउडर, डिअर." डॉक्टर थांबले, "सॉरी" म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले. मंडळाच्या रांगेत कुणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज आला. मी विंगेत रिकाम्या हाताने उभी. मला देव आठवले.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टर पहिल्यांदाच रंगमंचावर, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे होते, आणि लोकांचे श्वास मोजायची सवय तर होतीच. ते लोकांच्या श्वासाबरोबर वाचायला लागले. जिथे लोक थांबत तिथे थांबत. हळूहळू हॉलमधलं कुणीही त्यांच्याकडे बघेना. सगळे त्या टेबलाकडे बघत होते, जिथे एक ॲप्रन पडला होता. नाटकात एक प्रसंग आहे. बाईच्या हाताला एक शर्ट लागतो. तो ज्याचा, त्याला तिने लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलेलं. मोठा झाल्यावर तो रस्त्यात समोरून येतो आणि तिला ओळख न देता जातो. ती शर्टाची कॉलर इस्त्री करत राहते, एवढंच. डॉक्टरांनी ते अगदी सपाट वाचलं. मंडळातले ते कौटुंबिक विनोदीवाले गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागले.

"सो आय सेड टू मायसेल्फ, चाइल्ड," डॉक्टर वाचत होते.

"चाइल," मागून आवाज आला. "'ड' नाही. किती वेळा सांगितलं, डॉक."

दारात लोरेटा उभी होती. गुडघ्यापर्यंत गमबूट, केसांत गवत, अंगाला आयोडिनचा वास. रांगांमधून चालत ती वर आली, ॲप्रन उचलला, बांधला, आणि त्याच वाक्याचा पुढचा अर्धा भाग म्हणाली, जणू मधे कुणी नव्हतंच. डॉक्टर हातात संहिता धरून तसेच उभे राहिले. तिने इस्त्री उचलता उचलता डोळ्यांनीच खुर्ची दाखवली, तेव्हा बसले. शेवटपर्यंत ते तिथेच बसून होते, रंगमंचावर, ब्लेझरमध्ये. नाटकात तसा कुणी माणूस नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात लोक विचारायचे, तो खुर्चीतला म्हातारा कुठे आहे.

टाळ्या संपल्यावर वृद्धाश्रमाच्या आजींनी विचारलं, "पिल्लाचं काय झालं?" लोरेटा म्हणाली, शिंगरी झाली, उभी पण राहिली. तेव्हा परत टाळ्या झाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या जास्त मोठ्या होत्या.

बाकीची दोन्ही नाटकं झाली. लोरेटाने एक बास्केटबॉल कोच आणला, मग स्वतःची मुलगी, मग युनिव्हर्सिटीतल्या दोघी. तिसऱ्या नाटकात चर्चच्या स्वयंपाकघरात चार बहिणी बापाच्या अंत्यविधीचं जेवण रांधताना भांडतात. ते बघून एक माओरी आजी आत आल्या आणि लोरेटाच्या मुलीच्या कपाळाला कपाळ लावून म्हणाल्या, "हे आमच्या मराएचं, म्हणजे माओरी सभाघराचं, किचन आहे. फक्त तुम्ही बटाटे फार जाड कापता." पाद्री काही परत आला नाही. कपाटाचा फिजीच्या सुताराने जिना केला.

गेल्या वर्षी डॉक्टर मुलाकडे टौरंगाला राहायला गेले. मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली, ते त्यांना फार लागलंय. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले होते. बंदराकडे तोंड करून व्हरांड्यात बसले होते. चहा झाला, चटणी झाली. डेट्रॉइटला का रडलात ते कळलं का, असं मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "आता नाही कळलं तरी चालतंय की." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला एक सांगतो. कुणाला बोलू नका. त्या रविवारी मी वाचत होतो ना, तेव्हा मला वाटायला लागलं होतं की मी फार छान करतोय. लोकांचा श्वास माझ्या हातात होता. आणि ती दारातून बोलली तेव्हा मला आनंद नाही झाला. क्षणभर रागच आला. आता थोडं राहिलंय, संपवू दे की मला, असं वाटलं. हे तिला सांगू नका."

"तिला माहीत आहे," मी म्हटलं. "तिने मला केव्हाच सांगितलंय. ती बरीच आधी पोचली होती, डॉक्टर. दारातच उभी राहिली होती. म्हणाली, म्हातारा चांगला चाललाय, कशाला मधे जाऊ. ते 'चाइल्ड' तिला सहन झालं नाही म्हणून बोलली, नाहीतर शेवटपर्यंत तिथेच उभी राहणार होती."

खाली बंदरात एका जहाजावर कंटेनर चढत होते, ते डॉक्टर बघत राहिले. कप खाली ठेवला. ब्लेझरची बटणं लावली. मग अगदी सहज विचारल्यासारखं दाखवत त्यांनी विचारलं,

"बरीच आधी म्हणजे? कुठल्या शर्टापासून?"